गाडी घरी ठेवून पेठांत: पुणेकरांसाठी सुट्टीच्या एका दिवसाची पायी फेरी

कोथरूड, सिंहगड रस्ता, औंध किंवा हडपसरला राहणारा माणूस पेठांत जातो तो कामापुरता. लग्नाची खरेदी, क्रमिक पुस्तकं, दगडूशेठचं दर्शन. गाडी कुठे लावायची या चिंतेतच निम्मा जीव जातो, काम उरकलं की पहिला विचार घरी पळण्याचा. मीही अनेक वर्षं असाच जात होतो. मग एकदा मधल्या वारी सुट्टी मिळाली, गाडी मुद्दाम घरी ठेवली आणि दिवसभर पायी फिरलो. त्या पहिल्या फेरीत एक चूक केली. चौदा ठिकाणांची यादी घेऊन निघालो. दुपारी बारापर्यंत नऊ झाली, पाय गळाले आणि त्या नऊतलं एकही धड पाहिलं नव्हतं.

त्यानंतर बऱ्याच फेऱ्या झाल्या. त्यातून पक्कं कळलं ते हे, की पेठांना स्वतःचं वेळापत्रक आहे. मंडई सकाळची, तांब्याची आळी दहानंतरची, दुपार बंद दारांची, संध्याकाळ पुस्तकांची आणि नदीची. आपण त्या वेळापत्रकाप्रमाणे चाललो तर सहा-सात किलोमीटरांत दिवस भरून जातो. म्हणून खालचा मार्ग नकाशावरच्या अंतरापेक्षा घड्याळाप्रमाणे लावला आहे.

आदल्या दिवशी

वार निवडताना रविवार टाळा. लक्ष्मी रस्त्याला रविवारी पाय ठेवायला जागा नसते आणि कारागिरांची बरीच दारं बंद असतात. मंगळवारी आणि संकष्टीला गणपतींच्या देवळांपाशी रांगा असतात. बुधवार, गुरुवार, शुक्रवार उत्तम. दुकानांची साप्ताहिक सुट्टी प्रत्येक बाजाराची वेगळी असते. एखादं ठरावीक दुकान गाठायचं असेल तर आधी फोन करून विचारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालायला सगळ्यात चांगला काळ. उन्हाळ्यात निघालात तर अकराच्या आत बाहेरचं सगळं संपवा.

पायात मऊ तळव्याच्या, झटकन काढता येतील अशा चपला हव्यात. दिवसभरात पाच-सहा वेळा तरी देवळाबाहेर त्या काढाव्या लागतात आणि नाडीचे बूट फार वेळ खातात. पाण्याची बाटली, टोपी, सुट्टे पैसे, छोटी वही. पिशवी खांद्यावरून आडवी अडकवता येईल अशी घ्या. खरेदी संध्याकाळपर्यंत करायची नाही हे आत्ताच ठरवून टाका, नाहीतर सकाळी घेतलेलं पातेलं दिवसभर हातात राहतं.

आणखी एक तयारी आहे, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, ‘आपण पूर्वी कुठे राहायचो?’ आज उपनगरांत असलेल्या कितीतरी पुणेकर कुटुंबांचा जुना पत्ता पेठेतल्या एखाद्या वाड्यातल्या दोन खोल्यांचा निघतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं आणि हजारो घरं गेली. गोखलेनगरसारख्या वसाहती त्या पूरग्रस्तांसाठी उभ्या राहिल्या. तुमच्या घरात असा पत्ता निघाला तर तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. वाड्याचं नाव, आळीचं नाव, जवळचा मारुती किंवा गणपती, जे आठवेल ते. दिवसात कधीतरी तिथे जायचंच आहे.

सकाळी साडेसहा-सात: मंडईपासून सुरुवात

सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो जिल्हा न्यायालयापासून स्वारगेटपर्यंत धावते आणि तिची कसबा पेठ व मंडई ही दोन स्थानकं थेट पेठांच्या पोटात उघडतात. गाडी लावण्याचा प्रश्नच मिटला. मंडईला उतरा. स्थानकातलं स्वच्छतागृह वापरून घ्या, पुढे लवकर सोय मिळत नाही.

बाहेर आलं की आधी चहा घ्या आणि लगेच आत न शिरता इमारत लांबून बघा. मधोमध उंच मनोरा आणि त्याच्याभोवती आठ दिशांना पसरलेल्या, उतरत्या छपरांच्या पाखा. ही वास्तू १८८६ ची. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिचं नाव ‘रे मार्केट’. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना या बांधकामाच्या खर्चाला त्यांनी विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच मंडईला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. आत शिरताना हे लक्षात असू द्या.

आत गेल्यावर मधल्या मनोऱ्याखाली उभं राहून वर बघा, मग एकेका पाखेतून चाला. दगडी ओट्यांवर बसलेल्या विक्रेत्यांपैकी अनेकांची दुसरी-तिसरी पिढी आहे. सकाळी सातला त्या भाजी रचत असतात. या वेळी ‘मावशी, ही कुठली भाजी?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं, कधी रेसिपीही मिळते. दहा वाजता तोच प्रश्न विचारला तर मागे गिऱ्हाईक उभं असतं.

साडेसातला तुळशीबाग: दुकानं उघडायच्या आत

तुळशीबागेत शेकडो वेळा गेलेल्या माणसांनी तिथलं रामाचं देऊळ नीट पाहिलेलं नसतं, कारण दिवसा तिथे डोळे बांगड्या, भांडी आणि भातुकलीवरून वर उठतच नाहीत. सकाळी साडेसातला सगळ्या फळ्या बंद असतात, गल्ली ओली आणि रिकामी असते आणि अंगणात गेलं की सुमारे १४० फूट उंचीचं शिखर एकदम अंगावर येतं. पेशवाईतले सरसुभेदार नारो अप्पाजी तुळशीबागवाले यांनी हे देऊळ उभारलं. मुळात तिथे खरोखरच तुळशींची बाग होती. सभामंडपात दहा मिनिटं बसा. पूर्ण दिवसातली सगळ्यात शांत जागा हीच, आणि ती फक्त याच वेळी.

तिथून बेलबाग जवळ. नाना फडणविसांनी बांधलेलं हे विष्णूचं देऊळ रस्त्याच्या गर्दीला इतकं चिकटून आहे की दार चुकतं. शोधून आत जा.

पुढे दगडूशेठ गणपती. त्याच्या समोरची जागा बघायला विसरू नका. इथे तात्याराव भिड्यांचा वाडा होता. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती या वाड्यात. मोडकळीला आलेला तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला गेला. दर्शनाच्या रांगेतल्या माणसांची पाठ त्या जागेकडे असते. तुम्ही वळून बघा, दोन मिनिटं थांबा.

रस्ता ओलांडण्याबद्दल इथेच सांगतो. शिवाजी रस्त्यावर वाहनं शनिवारवाड्याकडून स्वारगेटकडे जातात, बाजीराव रस्त्यावर उलटी, स्वारगेटकडून शनिवारवाड्याकडे. दोन्ही रस्ते एकेरी आहेत, पण दुचाकी उलट्या दिशेनंही येतात. दोन्हीकडे बघा, आणि शक्यतो सिग्नलपाशीच ओलांडा. मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर रस्ते टाळून समांतर बोळांनी जा.

आठच्या पुढे: शनिवारवाडा, लाल महाल, कसबा

शनिवारवाडा प्रत्येकानं शाळेच्या सहलीत पाहिलेला असतो. म्हणून तिथे फार वेळ घालवू नका, असं माझं मत. १० जानेवारी १७३० ला, शनिवारी, पहिल्या बाजीरावांनी पायाभरणी केली आणि १८२८ च्या आगीत आतलं लाकूडकाम जळून गेलं. आत उरली आहेत ती जोती. दिल्ली दरवाजा मात्र जवळ जाऊन बघा. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून बसवलेले खिळे, आणि मोठ्या दारात कापलेलं माणूसभर उंचीचं दिंडीचं दार. हे दिंडीचं दार डोळ्यांत साठवून ठेवा. पुढे दिवसभर लहान-मोठ्या वाड्यांत तेच परत परत भेटणार आहे.

लाल महालाची आजची इमारत महापालिकेनं गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेली आहे. जागेचं महत्त्व मोठं, पण जुनं बांधकाम बघायला मिळेल या अपेक्षेनं जाऊ नका. तिथून कसबा गणपतीला जा. पुण्याचं हे ग्रामदैवत, जिजाबाईंनी त्याचं देऊळ बांधल्याचं परंपरा सांगते. कसबा ही सगळ्यात जुनी वस्ती. बाकीच्या पेठा तिच्याभोवती नंतर वसल्या आणि त्यांची नावंही बदलत गेली. बुधवार पेठ एके काळी मोहियाबाद होती, रविवार मलकापूर, सोमवार शहापूर, गुरुवार वेताळ पेठ. सदाशिव आणि नारायण या पेठा सदाशिवरावभाऊ आणि नारायणराव पेशव्यांच्या नावाच्या. चालताना पेठेची हद्द कुठे बदलते ते दुकानांच्या पाट्यांवरच्या पत्त्यांतून ओळखायचा प्रयत्न करा. मुलांना हा खेळ फार आवडतो.

न्याहारी: फडके हौद

इथवर पोट बोलू लागलेलं असतं. फडके हौदाजवळ वैद्यांची मिसळ आहे, हिरव्या रश्श्याची, जुन्या पद्धतीची, तिखटाचा भडका नसलेली. लवकर जा. मिसळीनंतर दोन पाव जास्त खाण्याचा मोह आवरा, अजून बरंच चालायचं आहे.

हौद या शब्दाकडे जरा थांबू. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून दगडी भुयारी नळ शहरात आणला आणि ठिकठिकाणी सार्वजनिक हौद भरले. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद ही आज चौकांची नावं वाटतात, पण ती पाण्याची ठिकाणं होती. बाहुलीचा हौद त्यांच्या नंतरचा. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपली लहानपणीच गेलेली लेक काशीबाई हिच्या आठवणीत तो बांधला आणि सगळ्या जातींना खुला ठेवला. पाणी कुणी कुठे भरायचं यावर जेव्हा जात पहारा देत होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. हौदाचं नाव कानावर पडलं की जुन्या दुकानदाराला विचारा, ‘हौद नक्की कुठे होता हो?’ या प्रश्नानं जितकी माणसं माझ्याशी बोलती झाली तितकी दुसऱ्या कशानं नाहीत.

साडेनऊ-दहा: तांबट आळी

नकाशा बंद करा. कसबा पेठेत शिरून कान उघडे ठेवा, ठोक्यांचा आवाज तुम्हाला आळीत घेऊन जातो. तांब्याच्या भांड्याला हातोडीनं एकेक ठोका देऊन अंगावर चमकती टिकली उमटवतात, त्याला मठारकाम म्हणतात. ते नुसतं शोभेसाठी नसतं, ठोक्यांनी पत्रा घट्ट आणि कणखर होतो. बंब, घंगाळं, हंडे यांची मागणी घटली. आता पाण्याच्या बाटल्या, तांबे, दिव्यांच्या छत्र्या दिसतात.

इथली वागण्याची रीत महत्त्वाची. एकदा मी न विचारता मोबाइल उचलला. कारागिरानं हातोडी खाली ठेवली, काही बोलले नाहीत, फक्त थांबले. मी माफी मागितली आणि मोबाइल खिशात घातला. पाच मिनिटांनी त्यांनीच जवळ बोलावून ओळीत ठोका कसा पडतो ते दाखवलं. तेव्हापासून मी आधी उभा राहून बघतो, मग विचारतो, ‘दादा, फोटो काढला तर चालेल का?’ आणि नाही म्हणाले तर नाही. भाव करायचा असेल तर विकत घ्यायचं नक्की असतानाच करा.

साडेदहा: त्रिशुंड गणपती

या फेरीतली एकच गोष्ट बघायला सांगा असं कुणी म्हटलं, तर मी सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीचं नाव घेईन. कमला नेहरू रुग्णालयाच्या परिसरात विचारा, कुणीही सांगेल. भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये बांधकाम सुरू केलं, १७७० मध्ये ते पुरं झालं. अख्खी दर्शनी भिंत काळ्या दगडात कोरलेली आहे. घाईनं आत जाऊ नका. भिंतीवर साखळदंडांनी बांधलेला गेंडा आणि त्याच्याजवळ गोरे सोल्जर शोधा. अठराव्या शतकातल्या पुण्यातला कारागीर त्या लोकांकडे कसा बघत होता, याचा हा दगडात राहिलेला पुरावा. आत संस्कृत आणि फारसी शिलालेख आहेत, आणि मोरावर बसलेली तीन सोंडांची मूर्ती. भुयारात पाणी असतं, ते गुरुपौर्णिमेला खुलं होतं. इथे अर्धा तास द्या.

अकरा ते एक: रविवार पेठ, आणि नावांचा माग

परत पश्चिमेकडे येताना रविवार पेठेतून या. बोहरी आळी, मोती चौक, सराफी पेढ्या. घाऊक बाजार असल्यामुळे हातगाड्या आणि हमालांची घाई असते. कडेनं चाला, मध्ये थांबून फोटो काढू नका. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला आधी वाट द्यायची, हा इथला नियम.

इथून पुढे देवांच्या नावांचा माग काढा. लक्ष्मी रस्त्यावर सराफांच्या शेजारी सोन्या मारुती. ज्याच्याजवळ पासोड्या विकल्या जात तो पासोड्या विठोबा. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, माती गणपती, खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा. बाहेरच्यांना ही नावं गंमतीची वाटतात. पण त्या ठिकाणी कोण राहत होतं, काय विकलं जात होतं, काय घडलं होतं, याची ती नोंदवही आहे. एका नावाच्या दोन-तीन गोष्टी ऐकायला मिळतील. सगळ्या लिहून घ्या, कुठली खरी हे लगेच ठरवू नका.

आणि चालताना पाटीच्या वर बघा. तळमजल्यावर मोबाइलचं दुकान असतं, त्याच्या वर सागवानी खांब, कोरलेले हस्त, लाकडी कठड्याचा सज्जा, कुठे विटांची महिरप. वाड्याचं दार उघडं दिसलं तरी दिंडीतून थेट आत शिरू नका. लोक तिथे राहतात. देवडीपाशी थांबून ‘येऊ का आत? फक्त चौक बघायचाय’ म्हणा. दहातले सहा-सात जण बघू देतात. घरचा जुना पत्ता याच वेळेत शोधा. वाडा बहुतेक गेलेला असेल, पण सोसायटीच्या नावात तो कधीकधी उरलेला असतो.

दुपार

एक ते चार पेठा झोपतात. जेवायला लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस चांगलं. मूकपटांच्या काळातले निर्माते नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये सुरू केलेलं. साधं, घरगुती मराठी जेवण, आणि जरा बसू देतात.

उन्हाचा वेळ राजा दिनकर केळकर संग्रहालयाला द्या, शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याच्या जवळ. ‘अज्ञातवासी’ नावानं कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अकाली गेलेला मुलगा राजा याच्या स्मरणार्थ हा संग्रह उभा केला आणि १९७५ मध्ये राज्य सरकारच्या हवाली केला. वीस हजारांहून जास्त वस्तू एका दुपारी पाहून होत नाहीत. प्रत्येक वेळी दोनच प्रकार निवडा. अडकित्ते आणि दिवे, किंवा कुलपं आणि वाद्यं. घोड्याच्या, मोराच्या, बाईच्या आकाराचे अडकित्ते पाहिले की रोजच्या वापरातल्या वस्तूवर माणसं किती माया करत होती ते दिसतं. मस्तानी महालाचा भाग कोथरूडहून आणून इथे पुन्हा उभारला आहे, तो चुकवू नका.

चारनंतर विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाचं हे निवासस्थान, आणि १८२१ पासून इथे संस्कृत पाठशाळा भरत होती. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून दर्शनी सज्जा आणि सुरूच्या झाडासारखे घडवलेले लाकडी खांब बघा. अगदी जवळून ते कळत नाहीत. मग मस्तानी प्या. दूध आणि आइस्क्रीमचा तो उंच पेला पुण्याचाच, आणि दिवसभर चालल्यावर तो अर्धा ठेवायचं कारण नाही.

संध्याकाळ

आता खरेदी. अप्पा बळवंत चौक, म्हणजे अप्पा बळवंत मेहेंदळ्यांचं नाव आजही सांगणारा पुस्तकांचा चौक. जुन्या पुस्तकांच्या ढिगात पहिलं पान उघडून बघा, आधीच्या मालकाचं नाव आणि पेठ लिहिलेली सापडते. तिथून नारायण पेठेत केसरीवाडा. हा गायकवाडांचा वाडा टिळकांनी १९०५ मध्ये घेतला. भूक असेल तर वाड्याजवळच प्रभा विश्रांतिगृहाचा बटाटावडा आहे.

शेवट नदीवर करा. नारायण पेठेतून भिडे पुलाकडे उतरा. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की हा पूल पाण्याखाली जातो, तेव्हा आधी बातम्या बघून ठेवा आणि बंद असेल तर लकडी पुलाकडे वळा. पलीकडे डेक्कन जिमखान्याचं मेट्रो स्थानक आहे, तिथून घरी.

पाय शिल्लक असतील आणि दिवस अकरा डिसेंबरच्या आसपासचा असेल, तर एक लक्षात ठेवा. त्या तारखेला महापालिका पादचारी दिन पाळते आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद करते. त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही बाजूंचे सज्जे बघता येतात.

रात्री वही घेऊन त्या वयस्कर माणसापाशी बसा. माझी आत्या पंचाहत्तरीची आहे. मी तिला एका सोसायटीच्या फाटकाचा फोटो दाखवला, फाटकाच्या कडेला जुना दगडी उंबरा तसाच ठेवलेला. तिनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, फोटो मोठा केला आणि म्हणाली, ‘अरे, डावीकडे आमचा नळ होता.’ पुढच्या फेरीला ती बरोबर येणार आहे. तिच्यासाठी मी रिक्षानं फडके हौदापर्यंत जायचं आणि तिथून फक्त दोन आळ्या चालायच्या असं ठरवलं आहे.